दोन पंख्यांची गाडी

ट्रकच्या इंजिनाला विजेचा पंखा बसवला तर तराजूच्या, म्हणजे ट्रकमालकाच्या, पदरात पडणार होतं ते असं : थोडं डिझेल, केबिनमध्ये बायकोचं बोलणं नीट ऐकू येईल इतकी शांतता (ही जमेला धरायची की खर्चाला, हे त्याचं अजून ठरत नव्हतं), आणि मेहुण्याच्या नव्या दुकानाला पहिलं मोठं काम दिल्याबद्दल सासरी कायमची मानाची खुर्ची. इंजिनाच्या जोरावर फिरणारा जुन्या पद्धतीचाच पंखा ठेवला तर मिळणार होतं ते वेगळं : चढावर निर्धास्त मन, दादाच्या गॅरेजमधला ट्रक लावायचा भिंतीलगतचा कोपरा, आणि दादाचं तोंड वाकडं न होणं. यातलं शेवटचं सगळ्यांत जड. दादाचं तोंड एकदा वाकडं झालं की ते सरळ व्हायला किती दिवस लागतात, हे तराजूला लहानपणापासून पाठ होतं.

दोन्ही बाजू अशा सारख्या भरल्या की शहाण्या माणसाने डोळे मिटावेत आणि एक उचलावी. तराजूने डोळे चांगले उघडे ठेवले आणि दोन्ही उचलल्या.

तराजू हे नाव त्याला दादानेच ठेवलेलं. लहानपणी समोर खाऊ आला की हा दोन तुकडे दोन हातांत घेऊन कुठला मोठा याचा अंदाज घेत बसायचा, आणि तोवर घरातलं कुणीतरी दोन्ही तुकडे पळवायचं. मोठेपणी ट्रक घेतला, लग्न केलं, केसही निम्मे गेले, पण सवय गेली नाही. स्वतःबद्दल त्याचं मत मात्र चांगलं होतं. आपण सगळ्यांना सांभाळून घेतो, असं तो मनात म्हणायचा. बायको म्हणायची, "तुम्ही कुणाला सांभाळत नाही. तुम्हाला फक्त नाही म्हणता येत नाही."

झालं होतं असं, की त्याचा ट्रक चढाला तापू लागला होता. ट्रक मध्यम आकाराचा, बांधकामाचा माल वाहणारा. विटा, फरशा, पाइप, काय मिळेल ते. सपाटीवर गुणी बाळासारखा चालायचा. घाट लागला आणि वेग मंदावला, की तापमानाचा काटा हळूहळू डोकं वर काढायचा. तराजूने तो दादाच्या गॅरेजमध्ये नेला. दादाने इंजिन बंद करायला लावलं, केबिन पुढे कलवली आणि गरम इंजिनावरच्या पंख्याच्या पात्याला बोटाने टिचकी मारली. पंखा खेळण्यातल्या भिरभिऱ्यासारखा गरगर फिरला.

"बघ," दादा म्हणाला. "इंजिन तापलं की मधल्या क्लचने पंख्याला घट्ट धरायला पाहिजे. हा धरतच नाही. इंजिन फिरतंय आणि पंखा सोबत फिरल्याचं सोंग करतोय. क्लच बदलू, विषय संपला."

"विजेचा बसवला तर?" तराजूने हळूच विचारलं.

दादाने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "बसव की. चढाला इंजिन जोरात फिरतं तसा हा इंजिनावरचा पंखाही जोरात फिरतो. इंजिनाला धाप लागली की पंख्यालाही लागते. तुझ्या विजेच्या पंख्याला चढ लागला हे कोण सांगणार? आणि एवढ्या इंजिनाला पुरेल एवढा वारा हवा तर तो पंखा वीज खाणार किती? डायनॅमो काय दुसरा आणणार आहेस? तुझी गाडी, तुझी मर्जी."

"तुझी मर्जी" हे शब्द ऐकले आणि तराजूने विषय तिथेच सोडला. दादाच्या तोंडी त्यांचा अर्थ "खबरदार" असाच असायचा, निदान तराजू तसाच घेत आला होता.

मेहुण्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल, भिंतीवर लटकवलेल्या रंगीबेरंगी वायरींचे झुपके आणि नवी कोरी पाटी. मेहुणा जळालेल्या मोटरना नवी तार गुंडाळायचा, बॅटऱ्या बघायचा, छोट्या गाड्यांची वायरिंग करायचा. पोरगा हुशार. बोलायला लागला की थांबत नसे, न बोलायचं ठरवलं की घशातून आवाज काढत नसे.

"भाऊजी, इंजिनावरचा पंखा म्हणजे ताकदीची चोरी," तो म्हणाला. "तो फिरणार इंजिनाच्या जिवावर. क्लच असला तरी थोडंफार खातोच. विजेचा पंखा हवा तेव्हाच फिरतो. माल उतरवताना गाडी जागेवर उभी असते ना, तेव्हा इंजिन हळू, म्हणून तुमचा तो पंखाही हळू. विजेच्याला त्याचं काही देणंघेणं नाही, तो पूर्ण जोरात. फक्त..."

"फक्त काय?"

"फक्त गाडी मोठी आहे," मेहुणा वायरीचं टोक सोलत म्हणाला. "बघा, तुमची मर्जी."

इथेही मर्जी. तराजूला दोन्ही बाजूंनी मर्जी सोपवून लोकांनी त्याला कोंडीत पकडलं होतं. शिवाय त्याला आठवत होतं, की मागे घरी सगळे जेवायला बसले असताना दादा सहज बोलून गेला होता, "वायरवाले अंदाजाने जोडतात आणि धूर आला की वायर बदलतात." त्यावर मेहुणा ताट अर्धवट टाकून उठला होता. त्या दिवसापासून तराजूने दोघांमध्ये वैर गृहीत धरलं होतं. त्या दोघांनी धरलं की नाही, हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.

"एकाला काम द्या आणि दुसऱ्याला तोंडावर सांगा," बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "नाही ऐकून माणूस मरत नाही."

"तुझ्या भावाला नाही म्हटलं तर तुला चालेल?"

"मला न चालायला काय झालं? पंखा माझ्या डोक्यावर फिरणार आहे का?"

"आणि दादाला?"

"दादांना सांगायची तुमची हिंमत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून माझ्या भावाला नाही म्हणा. तो लहान आहे, त्याला म्हणायला जमेल तुम्हाला."

हे इतकं खरं होतं, की तराजूला ते पटवून घेणं परवडण्यासारखं नव्हतं. तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि तिथे त्याला ती अफाट कल्पना सुचली. ट्रकच्या रेडिएटरला दोन बाजू असतात. मागची बाजू इंजिनाकडे, ती केबिन कलवल्यावर दिसते. पुढची बाजू जाळीकडे, ती जाळी उघडल्यावर दिसते. दादा नेहमी केबिन कलवून काम करणार. मेहुणा जाळी उघडून करू शकेल. मागून बघणाऱ्याला पुढचं दिसत नाही, पुढून बघणाऱ्याला मागचं. दोन्ही पंखे बसवले तर दोन्ही घरं खूश, आणि रेडिएटरला वारा दुप्पट. आपण आजवर वकिली कशी केली नाही, याचंच तराजूला नवल वाटलं.

दादाने सकाळी नवा क्लच बसवला, पंखा घट्ट केला आणि त्या दिवसापुरता खूश झाला. दुपारी ट्रक मेहुण्याच्या शटरसमोर उभा राहिला. तराजूने भंगार बाजारातून एक मोठा विजेचा पंखा स्वतः निवडून आणला होता, मोटर दणकट, पाती जराशी झिजलेली.

"इंजिनावरचा पंखा काढलाय ना?" मेहुण्याने जाळीचे स्क्रू सोडवत विचारलं.

"ते बघतो मी."

"मागे बसवला असता तर बरं झालं असतं."

"मागे जागा नाही," तराजू म्हणाला. हे अक्षरशः खरं होतं. तिथे दादाचा पंखा होता.

मेहुण्याने पंखा रेडिएटरच्या पुढे पट्ट्यांनी बसवला, डायनॅमोकडून येणारी वायर ओढली, मध्ये वीज चालू-बंद करणारा रिले घातला आणि स्टिअरिंगच्या बाजूला एक लाल बटण लावलं. मग मोटरच्या दोन वायरी हातात घेऊन तो थांबला. दोन्ही एकाच रंगाच्या, धुळीने काळ्या पडलेल्या.

"भाऊजी, वारा कुठे जायचा? आत इंजिनाकडे की बाहेर? या वायरी अशा जोडल्या तर एकीकडे, उलट जोडल्या तर दुसरीकडे. मी एवढ्या मोठ्या गाडीचं पहिल्यांदाच करतोय. एकदा दादांना विचारून घ्या ना."

दादाला विचारायचं म्हणजे काय विचारायचं? "दादा, तुझ्या पंख्यासमोर मी मेहुण्याचा पंखा बसवतोय, त्याचं तोंड कुठे करू?" तराजू दुकानाच्या कोपऱ्यात गेला, फोन कानाला लावला, कुणालाही न लावलेल्या त्या फोनवर "हो, हो, बरं, ठेवतो" म्हणाला, आणि तेवढ्या वेळात विचार केला. गरम हवा हा शत्रू. शत्रूला घरात ठेवायचं की बाहेर काढायचं? स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा कुठे फेकतो? बाहेर. त्याला आपल्या डोक्याचं इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

"दादा म्हणतो, बाहेर," त्याने येऊन सांगितलं.

"बाहेर?" मेहुण्याने एकदा रेडिएटरकडे बघितलं. "दादा म्हणाले म्हणजे बरोबरच असणार." आणि त्याने वायरी जोडल्या.

ट्रक जागेवर उभा असताना बटण दाबलं तर जाळीसमोर असा वारा सुटला, की मेहुण्याचे केस मागे गेले आणि टेबलावरची बिलं उडाली. "ताकद आहे!" तो म्हणाला. तराजूने समाधानाने मान डोलावली. रेडिएटर मध्ये, त्याच्या मागे दादाचा पंखा वारा आत खेचणार, पुढे मेहुण्याचा पंखा तोच वारा बाहेर फेकणार, आणि या ओढाताणीत सापडलेल्या हवेने काय करायचं, हा प्रश्न त्या तिघांपैकी फक्त एकाला पडू शकला असता, आणि तो त्या वेळी गॅरेजमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीखाली झोपला होता.

पहिली खेप डोंगरावरच्या एका नव्या दवाखान्याची, फरशांची. वर फरशीवाला सकाळपासून कामाला लागणार होता आणि माल वेळेत हवा म्हणून त्याने दोनदा फोन केला होता. दादा म्हणाला, नवा क्लच चढाला कसा धरतो ते मला ऐकायचंय, मी येतो. मेहुणा म्हणाला, पहिल्या चढाला मला यायचंय. तराजूने दादाला सांगितलं खेप परवा आहे, मेहुण्याला सांगितलं तेरवा आहे, आणि स्वतः उद्याच निघायचं ठरवलं. पण दोघांनीही खात्री करायला घरी फोन केला, फोन बायकोने उचलला, आणि तिला खोटं बोलायचं काहीच कारण नव्हतं. सकाळी ट्रकजवळ दोघंही उभे.

"तेरवा म्हणाला होतात," मेहुणा म्हणाला.

"परवा म्हणाला होतास," दादा म्हणाला.

"फरशीवाल्याने घाई केली," तराजू म्हणाला, आणि देवाने आपल्याला इतकी पटापट उत्तरं सुचण्याची देणगी का दिली असावी, या विचारात गाडी सुरू केली.

मेहुणा मध्ये बसला, गुडघे गिअरच्या दांड्याला लागू नयेत म्हणून तिरका. दादा खिडकीशी. सपाटीवर दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. तराजूला ती शांतता विहिरीसारखी वाटत होती. आपण काठावर उभे आहोत आणि कुणीतरी मागून हसतंय, असं काहीसं.

"पंखा कसा वाटतोय?" दादाने खिडकीबाहेर बघत विचारलं.

"मस्त!" मेहुणा आणि तराजू एकदम म्हणाले.

दादाने मेहुण्याकडे वळून बघितलं. एका वायरवाल्याला आपल्या क्लचचं इतकं कौतुक असावं, हे त्याला जरा अनपेक्षित वाटलं असावं. पण तो खूश झालेला दिसला.

चढ लागला. दुसरा गिअर, मग पहिला. फरशांचं ओझं मागे ओढू लागलं. इंजिनाने आवाज चढवला आणि त्याबरोबर दादाच्या पंख्यानेही; नव्या क्लचने त्याला असं धरलं होतं, की केबिनच्या फळीखालून वादळ चालल्यासारखी घरघर येत होती. दादाने डोळे मिटून ती ऐकली, जसं कुणी आपल्या मुलीचं गाणं ऐकतं.

"भाऊजी," मेहुणा तराजूच्या कानाशी आला, "हा आवाज कसला? तो जुना पंखा काढला नाही?"

"इंजिन आहे ते," तराजू कुजबुजला.

काटा अर्ध्यावर आला. अर्ध्याच्या वर गेला की बटण दाबायचं, असं मेहुण्याने शिकवलं होतं. तराजूने काचेसमोर हात हलवण्याचं निमित्त करून बटण दाबलं.

"हे लाल बटण कसलं?" दादाने विचारलं.

"केबिनचा दिवा."

"भर उन्हात?"

"सवय म्हणून."

काटा वर गेला. चढाने वर गेला म्हणावं, तर बटण दाबल्यावर तो चढापेक्षा जोरात वर जायला लागला. तराजूने बटण बंद केलं. काटा थबकला. पुन्हा दाबलं, काटा पुन्हा निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच तराजूने मांडलेला हिशेब इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे उत्तर देत होता, आणि उत्तर त्याला नको होतं. पंखा चालू केला की गाडी तापते, बंद केला की कमी तापते. म्हणजे पंखा उलटा आहे, किंवा जग उलटं आहे. त्याने जगावर संशय घेणं पसंत केलं.

"चालू ठेवा ना!" मेहुणा आता उघड ओरडला. "सारखं बंद काय करताय?"

"काय चालू ठेव?" दादा म्हणाला. "काटा बघ रे! बाजूला घे! बाजूला घे आधी!"

वळणाच्या पुढे रस्ता रुंद होता. तराजूने ट्रक दगडी कठड्याशी लावला आणि त्याच वेळी पुढून वाफेचा असा फवारा उठला, की समोरचा डोंगर दिसेनासा झाला. पाणी वाहणारी कुठलीतरी रबरी होज फाटली होती.

तिघंही उतरले. आणि मग जी गोष्ट टाळायला तराजूने दोन्ही घरं सांभाळली होती तीच घडली : दादाने सवयीने केबिन कलवली, मेहुण्याने सवयीने जाळी उघडली. दोघांनी आपापला पंखा शाबूत आहे हे बघितलं. मग दोघंही दुसरीकडे निघाले, अर्ध्या वाटेत ट्रकच्या बाजूला एकमेकांना ओलांडून गेले, आणि दोघांनीही दुसऱ्याचा पंखा बघितला.

दादाने केबिन पुन्हा खाली बसवली, मेहुण्याने जाळी लावली.

मग दादाने आतून फरशांच्या पावतीचा कागद आणला. "इंजिन सुरू करू नकोस. नुसतं ते दिव्याचं बटण दाब."

तराजूने दिव्याचं बटण दाबलं. दादाने कागद जाळीसमोर धरला आणि सोडला. जो कागद जाळीला चिकटायला हवा होता, तो उडून दादाच्या छातीला चिकटला.

"बाहेर फेकतोय," दादा म्हणाला. मग त्याने मेहुण्याकडे बघितलं आणि तराजूला वाटलं, आता संपलं. दोन्ही घरं एकाच कठड्याशी बुडणार. "तू असा लावलास?"

"मी विचारलं होतं की, दादा," मेहुणा म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत ना, फोनवर? वारा बाहेर."

"मी?"

दोघंही तराजूकडे वळले. खोटं बोलण्याची तराजूची देणगी या वेळी कुठे गेली होती कोण जाणे.

"स्वयंपाकघरातल्या पंख्यासारखं वाटलं मला," तो म्हणाला. "धूर बाहेर जातो ना."

दादाचा चेहरा वाकडा होऊ लागला. तराजूने मनातल्या मनात दिवस मोजायला घेतले. पण तो वाकडेपणा नेहमीच्या दिशेने गेला नाही. तो ओठांच्या कोपऱ्यातून सुटला, खांद्यांत गेला, आणि दादा कठड्यावर हात टेकून हसायला लागला. "अरे, एक आत ओढतोय, एक बाहेर ढकलतोय! रेडिएटर बिचारा मध्ये घुसमटतोय!" मेहुण्याने आधी हसू आवरलं, मोठ्या माणसासमोर म्हणून, आणि मग त्यालाही आवरेना. दोघं एकमेकांना टाळ्या देत होते. तराजूही थोडं हसला, सोबत म्हणून. पण विनोद आपल्यावर असताना किती हसायचं याचं माप त्याच्याकडे नव्हतं.

"हसण्यासारखं नाही," तो शेवटी म्हणाला. "मी तुमच्या दोघांसाठीच केलं. एकाला काम दिलं असतं तर दुसऱ्याला राग आला असता."

"मला?" दादाने डोळे पुसले. "माझ्याकडे गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागलीय. तू विजेचा बसवणार म्हणालास, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, सुटलो. म्हणून म्हटलं, तुझी मर्जी."

"आणि मी तर ताईला सांगत होतो," मेहुणा म्हणाला, "की भाऊजींना म्हणावं दुसरीकडे जा. एवढी मोठी गाडी, माझी छाती धडधडत होती. ताई म्हणाली, तूच सांग. मला नाही म्हणता येईना."

"पण त्या दिवशी जेवताना दादा बोलला आणि तू ताट टाकून उठलास..."

"दाढ ठणकत होती हो, भाऊजी!"

तराजू कठड्यावर बसला. किती काळजीने त्याने या दोन माणसांच्या मध्ये उभं राहून त्यांना एकमेकांपासून वाचवलं होतं. आता कळत होतं, की दोघांच्या मध्ये वैर नव्हतंच. तोच उभा होता, दोन्ही हात पसरून, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडवून.

दादाने फाटलेल्या होजचं टोक कापलं आणि नव्याने आवळलं. मेहुण्याने पक्कड काढून दोन वायरी उलट्या जोडल्या. पात्यांचा बाक त्या दिशेचा नव्हता, पण दादा म्हणाला, थोडा का होईना, वारा आतच येईल, वरपर्यंत पुरेल. "वायर जोडताना तू बरोबर थांबलास," तो मेहुण्याला म्हणाला. "तुला शंका आली होती. उद्यापासून शंका आली की मला थेट फोन कर. मध्ये कुणी नको." मग दोघांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं : इंजिनावरचा पंखा राहील, विजेचा परत आल्यावर काढायचा, मेहुण्याला असल्या कामांसाठी आठवड्यातून एक दिवस दादाच्या गॅरेजमध्ये बसवायचं. तराजूला कुणी काही विचारलं नाही. त्याला पाणी आणायला पाठवलं होतं.

वळणाखालच्या नळापर्यंत कॅन घेऊन तो उतरला आणि चढला, उतरला आणि चढला, आणि प्रत्येक वेळी वर आला की दोघांचं हसणं नुकतंच थांबलेलं असायचं.

दवाखान्यापाशी पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. काटा अर्ध्याखाली होता, दोन्ही पंखे एका बाजूने होते, आणि केबिनमध्ये दोघं मोठ्याने गप्पा मारत होते, तराजूच्या डोक्यावरून.

आता या सगळ्याची किंमत कोणी भरली, ते बघायचं तर असं. दादाचा एक दिवस गेला, पण त्याला कामाला हक्काचा वायरवाला मिळाला. मेहुण्याची धडधड संपली. तो भंगारातला पंखा त्याने दुकानाच्या दारावर लटकवला आणि वारा कुठे जायचा हे विचारणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला गोष्ट सांगू लागला. बायकोला काहीच भरावं लागलं नाही. तिने ती गोष्ट दोघांकडून वेगवेगळी ऐकली आणि दोन्ही वेळा पोटभर हसली. तराजूने भरलं थोडं : पुढे कुणाच्याही घरी काही निवडायचा प्रसंग आला, साडीचा रंग असो की भिंतीचा, की सगळे आधी त्याच्याकडे बघायचे आणि मग एकमेकांकडे. पण दोन्ही घरांत त्याचं ताट अजून मांडलं जात होतं, आणि एवढंच तर त्याला हवं होतं.

बाकी राहिला फरशीवाला. माल सकाळीच येणार म्हणून त्याने सिमेंट कालवून ठेवलं होतं. फरशा पोचल्या तेव्हा घमेल्यांतलं सिमेंट दगड होऊन बसलं होतं, आणि ज्या खोलीत त्याने थर पसरला होता तिथे तो गुडघ्यांवर बसून छिन्नीने तो खरवडत होता. तराजूला बघून तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "गाडी तापली का? असू दे, यंत्रच ते, तापायचंच. पाणी प्या आधी." तराजू पाणी प्यायला आणि पंख्यांबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. दोन पंख्यांतला एकही ज्याने कधी मागितला नव्हता, त्या माणसाने त्या अख्ख्या दिवसाची किंमत भरली होती, आणि वर पाणीही त्याचंच होतं.